बुवांची तक्रार

"काय त्रास होतोय?" पहिल्या खेपेला दवाखान्यातल्या यंत्राने विचारलं, तेव्हा कीर्तनकार हरिहरबुवांनी सवयीने हात जोडले होते. "रामरायाची कृपा! कसलाही त्रास नाही."

यंत्राने ते जसंच्या तसं धरलं आणि गळ्यावरच्या चरबीच्या गाठीला 'निरुपद्रवी, शस्त्रक्रिया अनावश्यक' असा कोड लावला. आता गाठ लिंबाएवढी झाली होती, आवाज पार बसला होता आणि बुवांचं कीर्तन बंद पडलं होतं.

"डॉक्टर, तुम्हाला दिसतंय ना?" सुमतीबाईंनी नवऱ्याची मान पुढे केली.

"दिसतंय हो, काकू. पण कोड फक्त यंत्रच बदलतं. त्रास त्यालाच सांगावा लागेल."

"मग मी सांगते की!"

"रुग्णाने स्वतःच्या आवाजात सांगावं," यंत्र अदबीने म्हणालं.

"सांगा हो! जन्मभर लोकांना रडवलंत, आता एकदा स्वतःचं रडगाणं गा."

बुवांनी अभंगाला घ्यावा तसा छातीभर श्वास घेतला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी तरारलं, पण तोंडातून नुसता वारा निघाला.

यंत्र थोडा वेळ थांबलं.

"रुग्ण शांत आणि समाधानी आहे," त्याने नोंदवलं आणि पुढच्याचं नाव पुकारलं.