जाऊन बसायला जागा

"होडी इथंच थांबव," दत्तात्रेयशास्त्री नावाड्याला म्हणाले. मग समोरच्या पाहुण्याकडे वळले. "हीच जागा."

रामघाटाच्या पायऱ्या मागे राहिल्या होत्या. पाहुणा पाण्याकडे बघत राहिला. मेघालयातून एकटाच आलेला म्हातारा. सकाळी दारात उभं राहून त्यानं 'लिंग्डोह' एवढंच सांगितलं, आणि शास्त्रीबुवांनी त्याला हाताला धरून आत घेतलं. आठ महिन्यांपूर्वी डोंगरातल्या धावपट्टीवर उतरताना एक लष्करी विमान घसरून पेटलं होतं. आत दोघंच वैमानिक. एक शास्त्रीबुवांचा मुलगा निमिष, दुसरा ह्याचा किटबोक.

सकाळपासून तो एकच विचारत होता. शेवटचं सगळं कसं केलंत?

"अस्थी तुम्ही स्वतः सोडल्या?" त्यानं तुटक हिंदीत विचारलं.

"कुणाला हात लावू दिला नाही. चाळीस वर्षं लोकांच्या क्रिया सांगत आलो. माझ्या पोराचं दुसऱ्यानं का करावं?"

"शवपेटी उघडली नाहीत?"

"उघडू नका म्हणाले. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं." शास्त्रीबुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तशीच चितेवर ठेवली. त्याआधी तिच्यावर डोकं टेकवलं. म्हटलं, आलास बाबा घरी. त्याची आई तर पेटीला मिठी मारून बसली होती. चौघींनी मिळून सोडवली."

लिंग्डोहनं डोळे मिटले. "चांगलं झालं," तो पुटपुटला. "आईनं मिठी मारली."

शास्त्रीबुवांना हे बोलणं चमत्कारिक वाटलं. पण आठ महिन्यांत त्यांनी स्वतःही काय काय बोलून टाकलं होतं.

"तुम्ही काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"आम्ही ख्रिस्ती. पुरलं. चर्चच्या मागं, टेकडीवर. बायको रोज जाते. थंडी पडली तेव्हा दगडावर शाल घालून आली. तासतासभर बोलत बसते."

शास्त्रीबुवांना हेवा वाटला, आणि त्याची लाजही वाटली.

"तुमचं बरं आहे," ते म्हणाले. "जाऊन बसायला जागा आहे. त्याची आई, शरदिनी, घाटावर येते नि मला विचारते, ह्यातलं कुठलं पाणी त्याचं? काय सांगू तिला? गेलं वाहून."

होडीच्या काठावरून वाकून लिंग्डोहनं हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. आपल्या भाषेत काहीतरी हळू म्हणाला. नावाड्यानं मान दुसरीकडे वळवली.

मग लिंग्डोह म्हणाला, "पंडितजी, उद्या तुमच्याकडे एक अधिकारी येतील. आमच्याकडे येऊन गेले. चौकशीसाठी दोघांच्या देहांचे ठेवलेले नमुने पुन्हा तपासले म्हणे. बायको म्हणाली, परक्याच्या तोंडून त्यांना कळायला नको. तू आधी जा."

"काय कळायचंय?"

लिंग्डोहनं पाण्यातला हात काढला नाही.

"पेट्या बदलल्या होत्या. इथं आहे तो माझा किटबोक. निमिष आमच्याकडे आहे."