तिसरं नाव

अफ्राकोमानं पोस्टर काउंटरवर आपटलं. भिंतीवरून ओरबाडून आणलेलं होतं ते. मागे चुना आणि ओली खळ तशीच चिकटलेली.

"खाली तुमच्या दुकानाचं नाव आहे म्हणून आले," ती म्हणाली. "एक पत्र टाइप करून हवंय."

बेनेडिक्टानं पोस्टरकडे पाहिलं नाही. मधोमध ओपानिन ड्वोमोंचा फोटो, शनिवारच्या अंत्यविधीची वेळ आणि खाली त्यांच्या मुलांची नावं. सात. हवी होती आठ. काल कामावर येताना तेचिमानच्या बसतळावर तिनं ती दोनदा मोजली होती. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या पोस्टरवर ज्याचं नाव नाही, तो त्याचा कुणी नाही. झालं, संपलं.

"पत्र कुणाला?" तिनं विचारलं.

"नाना अमोआकोंना. घराण्याचे प्रमुख ना ते! लिही. तुम्ही शब्द दिलात. बाहेरच्या बाईची असले तरी बापाच्या मुलांत माझं नाव तिसरं येईल म्हणालात. मी विश्वास ठेवला. आता शनिवारी मी येणार नाही. मला बाप नव्हताच."

बेनेडिक्टानं नवी विंडो उघडली. पडद्यावर आधीच दहा-बारा विंडो एकीवर एक पडलेल्या. सगळ्यात खालून ड्वोमोंच्या पोस्टरची काळी चौकट डोकावत होती.

सोमवारी नाना स्वतः आले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी कुणाचा हात न धरता. "तिसऱ्या जागी अफ्राकोमाचं नाव घाल," म्हणाले. "माझ्या भावाची पोर आहे. त्याच्या बायकोला राग येईल, येऊ दे." बेनेडिक्टानं घरच्यांनी आधी करून घेतलेलं सात नावांचं जुनं पोस्टर एका विंडोत ठेवलं, त्याची नक्कल दुसऱ्या विंडोत उघडून तीत आठवं नाव घातलं आणि यादी मोठ्यानं वाचून दाखवली. नानांनी बोटं मुडपत आठ मोजली, आणि म्हातारा काय खुश झाला!

मग वीज गेली. यूपीएस केकाटायला लागला. पाच मिनिटांत सगळं बंद करायचं, आणि प्रत्येक विंडो विचारणार, सेव्ह करू का? दोन्हींत तोच फोटो, तीच चौकट. वरच्या विंडोला ती 'नाही' म्हणाली, जुनी समजून. वीज आल्यावर उरलेलं पोस्टर न वाचताच छापायला गेलं. गिऱ्हाइकांची रांग दाराबाहेर होती, हे खरं. वाचायला अर्धं मिनिट पुरलं असतं, हेही खरं.

"सकाळी त्यांच्या दारात जाऊन आले," अफ्राकोमा सांगत होती. "भर अंगणात, सगळ्यांदेखत त्यांनीच दिलेलं सुतकाचं कापड त्यांच्या पायाशी फेकलं. खोटारडे म्हटलं तोंडावर. म्हातारा एकच धरून बसला, आठ होती, मी बोटांवर मोजली. थू!"

बेनेडिक्टाचे हात कीबोर्डवरून खाली आले.

"ताई, ते खरं बोलतायत. आठ होती. तुमचं नाव मी घालवलं."

"काय?"

"वीज गेली तेव्हा मी चुकीची विंडो बंद केली. सेव्ह झाली नाही. काल मला कळलं, आणि मी गप्प बसले."

"मग दाखव ती आठांची यादी."

बेनेडिक्टानं एकेक विंडो बाजूला सारली. जुनं पोस्टर उघडलं. सात. नक्कल उघडली. सात.

"म्हणजे वीज फक्त माझ्या एकटीच्या नावाची गेली?" अफ्राकोमा हसली. "बाकीची सात अंधारात बरी दिसली!"

"मी नानांना फोन लावते. त्यांना विचारा."

"लाव की. ते म्हणतील आठ, तू म्हणशील आठ. पाठ छान करून घेतलंय तुझ्याकडून."

बेनेडिक्टाला रडू फुटलं. लहान मुलासारखं, नाक वाहीपर्यंत. ते बघून अफ्राकोमाचा आवाज खाली आला.

"अगं, रडतेस काय! कळत नाही का मला? तेच म्हणाले असतील, अंगावर घे म्हणून. मोठी माणसं अशीच, स्वतः करायचं आणि गरिबाच्या पोरीला पुढे ढकलायचं. तुझी काय चूक यात? लिही पुढे."

"मी नाही लिहिणार."

"मग समोरच्या दुकानात लिहून घेते. आज ते पत्र त्यांच्या हातात पडणारच."

बेनेडिक्टानं डोळे पुसले आणि लिहिलं. एकेक ओळ, ती सांगेल तशी. खाली नाव काय घालू, हे मात्र तिला विचारवेना.

"अफ्राकोमा ड्वोमो," अफ्राकोमानंच सांगितलं. "बापाच्या नावासकट. माझं तेच आहे."

कागद बाहेर आला. अफ्राकोमानं तो उजेडात धरला, शेवटच्या ओळीवर आली आणि स्वतःच्या नावाच्या एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग बेनेडिक्टाच्या पाठीवर हात ठेवला.

"हे बघ, एका अक्षराची चूक नाही," ती म्हणाली. "तू कशी विसरशील गं माझं नाव?"