मास्तरांचं डावं बोट

"अहो! बोट उघडं!"

मास्तरीणबाईंनी हातातली बादली गॅलरीतच ठेवली आणि त्या आत धावल्या. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत मफलर विणत बसले होते. क्रोशाची सुई उजव्या हातात, आणि लोकरीचा धागा डाव्या हाताच्या उघड्या बोटावरून सरसर धावतोय!

"जरा पाठ वळवायची सोय नाही! बाही वाळेपर्यंत सुईला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं की नाही?"

बाही म्हणजे त्या बोटाची. मास्तर शिंपी. दुकानातली काच फुटून त्यांच्या डाव्या मनगटातली नस तुटली होती. डॉक्टरांनी ती जोडली, बोटं हलायला लागली, पण अंगठ्याशेजारच्या बोटात जाणीव काही परत येईना. कप गरम की गार, हाताखाली कापड की कागद, काही कळेना. आणि ज्याला डाव्या हाताखालचं कापड कळत नाही, त्याने चालू मशीनसमोर बसायचं कसं? दुकानाचं शटर बंदच होतं.

बोटं चालती ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून बाईंनी आपली सुई नवऱ्याच्या हातात दिली. तर पहिल्या मफलरलाच धाग्याने बोट कापलं. लोकर लाल झाली आणि मास्तर आपले मजेत टाके घालतायत! दुखतच नाही असं बोट जपायचं कुणी? तर बाईंनी. चिकटपट्टी लावून पाहिली, तर लोकर तिच्या कडेला अडकायची. रबरी हातमोज्याचं बोट कापून घातलं, तर धागा जागचा हलेना. शेवटी त्यांनी मऊ सुताची, दोन्हीकडून उघडी अशी छोटीशी नळी विणली. मास्तरांनी ती बोटात घातली, हात लांब केला, ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकासारखी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "काखेत ओढतेय." तेव्हापासून तिचं नाव बाही.

ती आज धुतली, आणि हे असं!

"दाखवा इकडे." बाईंनी हात ओढूनच घेतला. बोटाच्या पेरावर लालभडक रेघ उमटली होती. रक्त नव्हतं, नशीब. "लहान पोर परवडलं, पण तुम्ही नको! हे चिघळलं म्हणजे? पुन्हा डॉक्टर, पुन्हा ते मलम, पुन्हा ती..."

"अगं, दाबू नकोस. झोंबतंय."

"झोंबणारच! लोकर म्हणजे काय लोणी आहे? मघापासून खसाखसा घासताय, झोंबेल नाही तर काय गुदगुल्या..."

बाई मध्येच थांबल्या.

मास्तरही आपल्या बोटाकडे बघत राहिले होते. बोलून गेले होते खरे, पण आपण काय बोललो ते त्यांनाही आत्ताच ऐकू आल्यासारखं दिसत होतं.

"काय म्हणालात?"

"झोंबतंय," मास्तर हळूच म्हणाले. मग एकदम मोठ्याने, "अगं, झोंबतंय!"

"उगीच. माझी बडबड थांबावी म्हणून म्हणताय."

"तुझी बडबड थांबवायला एवढ्या वर्षांत मला काही सुचलं नाही, ते आज सुचेल होय?"

"डोळे मिटा." बाईंनी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली. "लबाडी नाही करायची." त्यांनी सुईचं टोक त्या रेघेवर अलगद टेकवलं. "आता?"

"हो."

मग त्यांनी सुई नुसतीच हवेत धरली. "आता?"

"नाही."

पुन्हा टेकवली. या वेळी विचारलंसुद्धा नाही.

"हो, हो, हो!" मास्तर डोळे मिटूनच ओरडले. "थंड आहे! सुई थंड आहे गं!"

झालं! बाईंना काय करू आणि काय नको असं होऊन गेलं. त्या दाराकडे गेल्या, मागे आल्या, मास्तरांच्या मांडीवरचा मफलर उगीचच उचलला आणि परत ठेवला. पोरीला सांगायला हवं! फोन कुठाय? फोन त्यांच्याच हाताशी, टेबलावर होता. लेक परगावी नोकरीला होती. तिने फोन उचलल्या उचलल्या बाई जवळजवळ किंचाळल्याच, "अगं, तुझ्या बाबांना दुखतंय!"

"कुठे? छातीत?" तिकडे पोरीची पाचावर धारण बसली. "आई, त्यांना आधी आडवं कर. मी निघते, आत्ता निघते..."

"छातीत नाही गं बाई, बोटात! डाव्या बोटात!"



"आई," लेक जपून म्हणाली, "मागेही तू बोटाला कळायला लागलं म्हणाली होतीस, आणि काही नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. काय असेल ते खरं सांग."

"मी खोटं बोलतेय? थांब!"

बाईंनी फोन मास्तरांच्या तोंडाशी धरला. मास्तर बिचारे काही तरी शहाण्यासारखं बोलायला म्हणून घसा साफ करत होते. तेवढ्यात बाईंनी दुसऱ्या हाताने, नेमका त्या लाल रेघेवर, करकचून चिमटा काढला.

"आई गंऽऽ!"

मास्तरांनी अशी बोंब ठोकली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडभर हसू.

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. लेक हसतेय की रडतेय, काही कळायला मार्ग नव्हता.

"आई," ती म्हणाली, "परत एकदा काढ ना."