बाबिलोनच्या राजाचा प्रश्न

मुलांनो, अशी कल्पना करा की उद्या तुमचा वर्ग तळ्यावर सहलीला निघाला आहे आणि घरी बाबांची सही अडून बसली आहे. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या उर्जाचं तसंच झालं. तिचे बाबा गाड्यांचे ब्रेक तपासणारे इंजिनिअर. हजार चाचण्या झाल्याशिवाय एक स्क्रूही पास करायचे नाहीत. पण सहलीच्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी साताऱ्याच्या ज्योतिषी गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला.

गुरुजींनी पत्रिका पाहिली. "मुलीला पाण्यापासून भय आहे. पाठवू नका."

उर्जाने त्याच आठवड्यात शाळेत बायबलमधली गोष्ट ऐकली होती. बाबिलोनच्या राजाला स्वप्न पडलं. खाल्डियन ज्योतिषी अर्थ सांगायला धावले, तर राजा म्हणाला, "आधी स्वप्न काय पडलं ते ओळखा, मग तुमचा अर्थ खरा मानतो." ते म्हणाले, "महाराज, तुम्ही स्वप्न सांगा, आम्ही अर्थ सांगतो."

ती फोनसमोर आली. "गुरुजी, काल मला कोणतं स्वप्न पडलं?"

"बाळ, तू स्वप्न सांग, मी अर्थ सांगतो."

"गेनाऊ! अगदी बरोबर! तेपण असंच म्हणाले होते."

"ते कोण?"

"खाल्डियन. मग राजाने त्यांना मारायचा हुकूम दिला."

कॉल तुटला.

"इथलं नेटवर्कच भिकार," बाबा म्हणाले.

उर्जाने पुन्हा कॉल लावला. चारदा लावूनही गुरुजींनी उचलला नाही, तेव्हा तिने कागद बाबांसमोर सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.