जो उडी मारणार नाही

एलिसेओने ढोलाचा पट्टा गळ्यात अडकवला आणि वर पाहिलं. फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षक-स्टँडच्या अगदी वरच्या पायरीवर, घड्याळाखाली, त्याची बायको इर्मा आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली होती. तिने निळा मफलर हलवला, तशी त्याची नजर तिच्या पायाखाली गेली.

गेल्या भूकंपात तडा गेला होता तो त्याच जागेखालच्या तुळईला. चिलीतली माणसं भूकंपाला सरावलेली, जरा हललं तर हातातला चहा संपवूनच उठणारी. पण स्टँड बंद झालं आणि दोन वर्षं सगळा क्लब समोरच्या टेकडीवर उभा राहून, समुद्राच्या वाऱ्यात कुडकुडत मॅच बघत होता. क्लबचे मालक दर हंगामात सांगायचे, काम चालू आहे. ते कुणाच्या बापाला दिसलं नाही. मग गेल्या महिन्यात एकदम ताजा निळा रंग लागला आणि दारं उघडली.

"तडा बुजवलाय की नुसता रंगवलाय?" एलिसेओने सकाळीच विचारलं होतं.

"तुझं आपलं काहीतरीच," इर्मा म्हणाली होती. "त्या टेकडीला गुडघे कंटाळलेत माझे. मी माझ्या जागेवर बसणार."

आज मालक रेनातो स्वतः आले होते, लोकांच्या मनातली शंका जावी म्हणून, कॅमेरेवाल्यांना घेऊन. वरून कुणीतरी हाक मारली, "साहेब, वर या की! घड्याळाखाली जागा धरलीय तुमच्यासाठी!"

"इथंच बरंय," मालक हसून म्हणाले, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, मैदानात उघडणाऱ्या कुंपणाच्या दारापाशी, एलिसेओच्या शेजारी उभे राहिले.

संघ मैदानात उतरला. एलिसेओने पहिला ठोका दिला आणि स्टँडने नेहमीचं गाणं उचललं. जो उडी मारणार नाही, तो आपला नाही! ठोक्याठोक्यावर सगळं स्टँड उड्या मारू लागलं. दोन वर्षं दाबून ठेवलेल्या उड्या होत्या त्या.

मालक उडी मारत नव्हते.

"ओ मालक, मारा की उडी!" पलीकडून नेहमीचा टवाळ नाल्दो ओरडला. "का पँट सुटतेय?"

लोक खो-खो हसले आणि मुद्दाम आणखी जोरात उडायला लागले. मालकांनीही हसत एक हात हलवला. दुसऱ्या हाताने त्यांनी कुंपणाचं दार धरलं होतं. दाराची कडी काढलेली होती.

मग ते एलिसेओच्या कानाशी वाकले. चेहऱ्यावरचं हसू कॅमेऱ्यासाठी तसंच ठेवून म्हणाले, "जरा दमानं वाजवा, काका. ह्यांना एवढं उडू देऊ नका."

एलिसेओने त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या थंडीत त्यांचं कपाळ घामाने डबडबलं होतं. आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी भीती त्याला त्या घामाची वाटली.

त्याने वर पाहिलं. घड्याळाखाली इर्मा गुडघे विसरून उठली होती. शेजारणीच्या खांद्याला धरून, मफलर फिरवत, तीही उड्या मारत होती.

त्याने हातातलं टिपरू मध्येच टाकून दिलं. ढोल थांबला, तेव्हा सगळी माणसं हवेत होती.