साडीचा जोड

असोद्याच्या झुंबरबाईंचा धाकट्या जावेशी, कलाबाईशी, उभा दावा. भावकीतल्या लग्नात तिच्या अंगावर नसेल अशीच साडी हवी, म्हणून त्यांनी धक्के खात, धक्के देत जळगावचा अख्खा घाऊक कापडबाजार पालथा घातला. एक मोरपंखी नायलॉन पसंत पडली, तर दुकानदार खेकसला, "एकसारख्या दोन घ्या, नाहीतर वाट धरा!"

शेजारी उभी असलेली धुळ्याकडची नवी सून दुसरी घ्यायला तयार झाली. "मन्ही नणंदले देवानी शे. तिनी जाऊ भलती खाष्ट शे. तिनी जिरवनी शे!"

"जिरवा मेलीची!" म्हणत झुंबरबाईंनी खुशीत जोड फोडला. "नणंद कुठे दिलीय तुमची?"

 

"असोद्याले. कलाबाई नाव शे तिनं."