उतारावरची थरथर

“परत तेच का, अंकल?” सन्नासीने दुसऱ्या गाडीखालूनच विचारलं. चिखलाने माखलेले गमबूट त्याने ओळखले होते.

“परत तेच. ब्रेकवर पाय ठेवला की अख्खी गाडी थरथरते. दात वाजतात माझे. म्हणजे, जे काही उरलेत ते.”

सन्नासी कण्हत बाहेर आला. दारात याप अंकलची ती थोराड फोर-व्हील उभी होती. तिला बघूनच त्याची पाठ दुखायला लागायची. पुढच्या डिस्क त्याने बदलल्या होत्या. पॅड बदलले, बेअरिंग बदलले, बुश बदलले. आता फक्त मालक बदलायचा राहिलाय, असं तो वैतागून बायकोला म्हणालाही होता.

याप अंकल नेहमीसारखे कोबी उतरवून, समोर कॉफी पिऊन निवांत आले होते. मलेशियातल्या कॅमेरॉनच्या डोंगरात भरली गाडी कुणी गॅरेजात आणत नाही. खाली शहराकडे माल नेणारे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. मेकॅनिक थांबतो.

सन्नासीने चाक काढलं, डिस्कला मापाचा काटा लावला आणि ती हाताने फिरवली. काटा ढिम्म हलला नाही; डिस्क सरळ होती. मग तो गाडी घेऊन काम्पुंग राजा गावाच्या रस्त्याला एक चक्कर मारून आला. दोन-तीनदा करकचून ब्रेक दाबला. गाडी गुणी बाळासारखी उभी राहिली.

“काही नाहीये, अंकल.”

“तुझ्या हातात शहाणी होते. माझ्याच मुळावर उठलीय.” म्हातारा पायरीवर बसला. “मेई फोंग रविवारी येतेय.”

मेई फोंग ही त्यांची मुलगी, खाली इपोह शहरात शिक्षिका. मागच्या हंगामात गाडी वळणावर कठड्याला घासली, तेव्हाच तिने बजावलं होतं, एकतर गाडी ठीक करा, नाहीतर मळा सोडून आमच्याकडे राहायला या. त्या उतारावरचा एकेक वाफा अंकलनी बायकोबरोबर कुदळीने काढला होता. बायको गेली, तरी वाफे होते.

“शोध रे बाबा,” अंकल म्हणाले. “नाहीतर मला फ्लॅटमध्ये बसवून टीव्ही बघायला लावतील.”

दुसऱ्या दिवशी सन्नासी स्वतः मळ्यावर गेला. गाडीत कोबी गच्च भरला होता. तो अंकलच्या शेजारी बसला आणि गाडी उताराला लागली. पहिली वळणं ठीक गेली. मग लांब उतार आला, आणि गाडी हिसके खाऊ लागली. रस्ता तरी कुठे धड होता!

“बघ! बघ, आलं!” अंकल ओरडले.

सन्नासीने बघितलं. ब्रेकवर ठेवलेला अंकलचा पाय लटलट कापत होता. विजारीतून गुडघा उडताना दिसत होता. स्टेअरिंगवरचे हातही कापत होते. सन्नासीच्या अप्पाचं कंपवाताचं दुखणं असंच सुरू झालं होतं. त्याने तोंड फिरवलं आणि तो खिडकीबाहेर बघत बसला.

खाली माल उतरला, अंकलची कॉफी झाली. सन्नासीने चावी मागून घेतली आणि गाडी स्वतः गॅरेजपर्यंत आणली. लोण्यासारखी चालली. त्याने इंजिन बंद केलं. एवढे बुश बदलले आणि एकदाही माणसाकडे बघितलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

“सापडलं?” मागून आलेल्या अंकलनी पायरीवर बसत विचारलं.

“सापडलं, अंकल.”

“मग कर की दुरुस्त!”

“गाडीत नाहीये ते.”

सन्नासी कुठे बघतोय हे अंकलना कळलं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. “पण मला तर पेडलच हलल्यासारखं लागतं रे.”

“तसंच वाटतं. माझ्या अप्पालाही वाटायचं, चमचाच हलतोय.”

म्हातारा उठताना एवढंच म्हणाला, “मेई फोंगला तूच सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं.”

सन्नासीने सांगितलं. ती रडली आणि तिने त्याचे आभारही मानले. पुढच्याच आठवड्यात अंकल इपोहला गेले. जाताना वाफ्यांकडे वळूनसुद्धा बघितलं नाही म्हणे. ही तक्रार आता पुन्हा दारात येणार नाही, या विचाराने सन्नासीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

त्याने एकदा फोन केला. “डॉक्टरांना अजून काही सापडत नाहीये,” मेई फोंग म्हणाली. “पण बाबा दिवसभर आपल्या पायाकडे बघत बसतात.”

“सुरुवातीला नाही सापडत, ताई,” सन्नासीने तिला धीर दिला.

मळा आणि गाडी दोन्ही थियम नावाच्या तरुणाने घेतली. तोवर गॅरेजातच पडून असलेली गाडी सन्नासीने पहिल्या कापणीच्या दिवशी वर नेऊन पोचवली. थियमचा ड्रायव्हर आला नव्हता आणि कोबी तर कापून पडलेला.

“अण्णे, तेवढी खेप खाली सोडाल? तुमच्याइतकी ही गाडी कुणाला माहितेय?”

नाही कसं म्हणणार? गाडी गच्च भरली. सन्नासी उताराला लागला. पहिली वळणं ठीक गेली. लांब उतारावर त्याने ब्रेक दाबून धरला. दाबतच राहिला. जळका वास केबिनमध्ये आला, आणि पेडलाने तळपायाला लाथ मारली. पुन्हा मारली. स्टेअरिंग हातात खडखडू लागलं, मागे कोबीचे गड्डे आपटू लागले. त्याने आणखी जोर लावला, तशी धडधड आणखी वाढली. आजवर ही गाडी त्याने रिकामीच चालवून बघितली होती. सन्नासीने खाली पाहिलं. त्याचा धडधाकट उजवा गुडघा लटलट कापत होता.